उन्हात ठेवलेली तबकडी

देवमनच्या दुकानातून मुका रेडिओ मुकाच परत गेला, असं अमरावतीत कधी झालं नव्हतं. लोक तसं म्हणत आणि देवमन ते खुशाल म्हणू देई.

सदुसष्टच्या मे महिन्यात मोरोपंत वकिलांनी त्याच्यापुढे अमेरिकेहून आलेला एक खेळण्यातला डबा आणून ठेवला. वकिलांच्या मुलानं आपल्या पुतणीसाठी, अनुपमासाठी पाठवलेला. दोरी ओढली की डबा इंग्रजी अक्षर म्हणायचा आणि पाठोपाठ त्याचा शब्द. आता त्याची वाचाच बसली होती.

"जाईबाईनं झाडताना पाडला असणार, पण कबूल करत नाही," वकील म्हणाले. मग देवमनकडे नीट बघत म्हणाले, "तुला जमेल ना रे?"

तो प्रश्न देवमनला झोंबला. आजवर रेडिओ दुरुस्त करताना त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

डबा उघडला तर आत ना व्हॉल्व्ह, ना सेल. एक स्प्रिंग, एक छोटी प्लॅस्टिकची तबकडी, सुई आणि आवाज मोठा करणारा पातळ पडदा. चाकात रुईचा पुंजका अडकला होता. कापसाच्या गावात रुई कुठे शिरत नाही! पडल्याची खूण मात्र कुठेच नव्हती. त्यानं चिमट्यानं रुई काढली, तबकडी धुतली आणि पावसात भिजलेले रेडिओ वाळवावेत तशी पत्र्यावर उन्हात ठेवली. वऱ्हाडातलं मेचं ऊन ते. चहा पिऊन येईस्तोवर तबकडीचा पापड झाला होता.

खरं सांगायला जीभ रेटेना. 'या वस्तीतल्या लोकांना काय जमणार' हे त्याला वकिलांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

"आपटलाय साहेब. आतून गेला."

"मी म्हणतच होतो," वकील म्हणाले. दुसऱ्या दिवशी जाईबाईचं नऊ वर्षांचं काम सुटलं.

जाईबाई देवमनच्याच वस्तीतली. पंधरा दिवसांनी ती दुकानात आली, तेव्हा ही भांडायला आली असं त्याला वाटलं. ती कागद मागत होती.

"वकीलसायबाले माफीची चिठ्ठी लिहून दे बाप्पा. माह्या हातून पडलं म्हून लिह्य."

"मावशी, पाडल्याचं आठवते का तुमाले?"

"नाई आठवत. पन तू आतून पाह्यलं, तू सांगतलं, म्हनजे पडलंच असन. सून म्हनते, बुढीचं डोकं गेलं. मलेबी तसंच वाटून राह्यलं. काल चूल विझवली का नाई, तीनदा उठून पाह्यलं."

देवमननं चिठ्ठी लिहिली. हो, लिहिली! निर्लज्जासारखी अक्षरंही वळणदार काढली. जाईबाईनं अंगठा उठवला आणि शाई वाळावी म्हणून कागद दारातल्या उन्हात धरला. तेव्हा मात्र देवमनला स्वतःची शिसारी आली.

"मावशी, डबा पडलाच नव्हता. तुमी काईच केलं नाई. म्याच उन्हात ठेवून खराब केला, अन् खोटं बोललो."

 देवमन शिव्यांची वाट बघत होता. दोन शिव्या मिळाल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"म्हनजे माह्यं डोकं ठिकान्यावर हाये?" तिनं विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

 देवमननं होकारार्थी मान हलवली.

तिनं चिठ्ठी टराटरा फाडली. "लिह्य मंग. आता तुह्या नावानं. अन् चाल माह्यासंगं."

भर दुपारी वकिलांच्या घरापर्यंत ती ताठ मानेनं पुढे चालली, आणि देवमन खाली बघत तिच्या मागे.