रुळांपलीकडची धाकटी

थोरलीने स्वयंपाकघराच्या खिडकीवर खिळा ठोकून जाड चादर टांगली.

"भरदुपारी अंधार केलास," शिलाई मशीनवरून मान वर करत नवरा म्हणाला. तो शिंपी, त्याला उजेडाचं मोल.

"ती सारखी इकडे बघते."

"तुला काय माहीत?"

"मी बघितलं ना!"

घरामागच्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर वर्षानुवर्षं काटेरी झुडपं माजली होती. पलीकडे तिची सख्खी धाकटी बहीण राहायची. थोरलीच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं शेजारणीच्या हाती आलं म्हणून धाकटी रुसली, ती लग्नाला आली नाही म्हणून थोरली रुसली. झुडपांनी दोघींची अब्रू झाकली. आता त्याच मार्गावर शहराची छोटी विजेची गाडी येणार होती. झुडपं गेली आणि दोन स्वयंपाकघरं समोरासमोर उघडी पडली.

गाडी सुरू झाली त्या दिवशी प्रवास फुकट होता. शिंप्याने बायकोला जवळजवळ ओढतच नेलं. डब्याला दोन्ही बाजूंनी दारं. थोरली अलीकडून चढली, धाकटी पलीकडून. गर्दीच्या रेट्याने दोघी एकाच बाकावर येऊन आदळल्या. दारं मिटली, तेव्हा नवरे आपापल्या फलाटावरच होते.

"बहिणी का हो?" समोरच्या बाईने विचारलं.

"छे!" दोघी एकदम, एकाच सुरात म्हणाल्या. बाई पदराआड हसली.

शेवटच्या थांब्यावरून गाडी परत फिरली, गर्दी ओसरली. घरचा थांबा आला. थोरली हलली नाही. आधी उठलं, तर हिला वाटायचं पळाली. धाकटीही बाहेर बघत राहिली. दारं मिटू लागली.

"अगं, थांबा गेला तुझा," धाकटी न राहवून म्हणाली.

"आणि तुझा? उतरायचंस की आधी."

"मी का आधी? मोठी तू."

"मोठी आहे ना? मग मान ठेवायचा!"

"मोठी होतीस, तर बोलवायला स्वतः का नाही आलीस?"

गाडी पुन्हा उलटी आली, तेव्हा दोन्ही नवरे अजून फलाटांवर ताटकळत होते. काचेतून दोघींचे हातवारे दिसले. कोणीच उतरलं नाही. बोलता बोलता थोरलीने धाकटीची विस्कटलेली बट कानामागे सारली. तोंड मात्र क्षणभर थांबलं नाही.

गाडी पुढे गेली.

"भांडतायत," पलीकडून साडू काळजीने म्हणाला.

"हो," शिंपी म्हणाला, आणि बाक झटकून ऐसपैस बसला. "या इकडे. वेळ लागेल."