परक्या पोटी घडलेलं

कीर्तनात बसलेल्याला देव भेटतो, असं जिवनबाई म्हणायची. त्या वर्षी काल्याच्या दिवशी मात्र तिला बसायलाच मिळालं नाही.

तिची शितल नांदेडला लॅबात संशोधन करायची. अकोल्याहून परतताना तिची बस कळमनुरीच्या अलीकडं बंद पडली, दुसरी संध्याकाळी होती. त्यांचा बंजारा तांडा तिथून जवळच, म्हणून पोरगी भर उन्हात थर्माकोलचा डबा छातीशी धरून घरी आली.

"याडी, ह्या डब्याला हात लावू नको," ती आईला म्हणाली.

"काय हाय त्यात?"

"एन्झाइम. आपल्या अंगात असतंय तेच, पर जंतूंकडून बनवून घेतलेलं. साखरेच्या आजारात हेच डोळे खराब करतंय. आपल्या झाडपाल्यानं ते आवरतंय का, बघायचंय."

"मंजी औषध?"

"न्हाई, नुसतं तपासायला. अकोल्याच्या सरांनी एकच कुपी दिली. ही गेली तर माझं सगळं काम अडलं."

शितल आंघोळीला गेली अन् जिवनबाईला राहवेना. माणसाच्या अंगातलं काहीतरी परक्या पोटी घडून पहिल्यांदा आपल्या दारी आलंय, त्याला ओवाळल्याबिगर कसं धाडावं? तिनं डबा उघडला. बोटाएवढी कुपी सेवालाल महाराजांच्या तसबिरीपुढं पाटावर ठेवली, कुंकू लावलं, निरांजन चांगलं जवळ नेऊन ओवाळलं. मग हात जोडून बसली ती बसलीच.

शितल बाहेर आली अन् जागीच थबकली.

"याडी, गरम झालं की मरतंय गं ते."

पोरीनं झटकन कुपी डब्यात ठेवली, तर आतल्या बर्फाचंही पाणी झालेलं. लाइट सकाळपासून गेलेली, कुणाचा फ्रीजही चालू नव्हता.

जिवनबाईला एकच आठवलं. गावात सप्ताहाचा काला होता, अन् मठ्ठ्यासाठी कळमनुरीहून बर्फाची लादी आणली होती. दोघी धावतच मांडवात पोचल्या.

लादीजवळ मठ्ठा वाढणारा शिवशंकर बसला होता. जिवनबाईनं त्याच्याकडं बर्फ मागितला. "काकू, सगळा बर्फ नेता? काल्याला कोमट मठ्ठा वाढला तर लोकं मलाच पातेल्यात बुडवतील."

"मला बुडवा म्हणावं," जिवनबाई म्हणाली अन् तिला रडू फुटलं.

संतराम महाराज कीर्तनाला उभे होते. त्यांनी टाळकऱ्यांना हातानं थांबवलं. "काय झालं माय?"

तिनं भरल्या मांडवात सगळं सांगितलं, ओवाळल्याचंसुद्धा. बाया हसल्या. महाराज हसले नाहीत.

"देवकीचं लेकरू यशोदेच्या घरी वाढलं, ते आत्ता तुमाला सांगून राहिलो होतो. हे माणसाचं, जंतूंच्या घरी वाढलेलं. वसुदेव पाण्यातून चालला तवा शेषानं वर फणा धरला. आपल्याला फणा न्हाई, बर्फ हाय. बोला, कोमट मठ्ठा कोणाला चालंल?"

"माझ्या दाताला तेच बराबर हाय," म्हातारी गोजरबाई मागून म्हणाली, अन् मांडवभर हात वर झाले.

शिवशंकरनं लादी फोडली. शितलनं खडेमीठ मागितलं. मिठानं बर्फ आणखी गार पडतो. कुपी प्लास्टिकात बांधून डबा गच्च भरला अन् शिवशंकरनंच तिला मोटारसायकलवर एसटीपर्यंत पोचवलं.

पुढचे काही दिवस जिवनबाईला भाकर गोड लागली नाही. मग एका सकाळी एसटीडीवाल्याचं पोरगं बोलवायला आलं.

"याडी, जरा मंदावलंय," शितल फोनवर म्हणाली, "पर काम करून राहिलंय. पुरतंय मला."

जिवनबाईनं फोन ठेवला अन् घराकडं न वळता गावात शिरली. शिवशंकरच्या उंबऱ्यापाशी थांबून म्हणाली, "तुमचं लेकरू पोचलं बरं का, जितं हाय."

"आमचं काहून, काकू?"

"ज्यांनी ज्यांनी बर्फ सोडला, त्या समद्यांचं हाय ते," ती म्हणाली अन् गोजरबाईच्या दाराकडं निघाली. अजून पुष्कळ घरं राहिली होती.