इंदूरचं आठ हजारांचं घर

माझ्या नवऱ्याची, संघर्षची, बदली इंदूरला झाली आणि आमच्या मेहकरच्या घरात हिशेबांनी उच्छाद मांडला. इथे तीन खोल्यांना महिन्याला चार हजार भाडं. तिथे तेवढ्याच जागेला एक घरमालक आठ सांगे, दुसरा अकरा, आणि दोन्ही घरं एकाच गल्लीत! असं का, ते एजंट सांगेना. आठ आम्हाला झेपत होते. अकरा द्यायचे तर मला इथली नर्सची नोकरी सोडता येत नव्हती, म्हणजे नवरा तिकडे आणि मी लेकीला, प्रेरणाला घेऊन इकडे. लग्नानंतरची पहिली वर्षं अशीच गेली. मला पुन्हा तसं राहायचं नव्हतं, स्पष्टच सांगते.

घर बघायला संघर्ष सासूबाईंना, म्हणजे तानाबाईंना, घेऊन गेला. तानाबाईंची घर पारखायची रीत एकच. घराकडे बघायचंच नाही, शेजारच्या दारात जाऊन प्यायला पाणी मागायचं. लहानपणी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत प्यायलेल्या बाईची ती रीत आहे. तिला हसायची माझी छाती नाही.

दुपारी संघर्षचा फोन आला.

"समता, आठवालं रद्द."

"काऊन?"

"शेजारणीनं आईले कागदाच्या कपात पाणी देल्लं. आईनं तसंच ओट्यावर ठेवलं न निंगाली."

"अन् अकरावालं?"

"तिथं स्टीलचा गिलास. पण आधी आडनाव इचारलं, मंग देल्ला."

आता काय धरायचं? कागदी कप आजकाल कुणीही देतं, दवाखान्यात आम्हीही देतो. स्टीलचा पेला चांगला, पण आडनाव कशाला हवं होतं? ऐकूनही पाणी दिलं, म्हणजे बाई चांगली, की तिला आडनावावरून काही कळलंच नाही? डोकं भणभणलं. राग मात्र आला. घर बघायला निघालेल्या बाकीच्या लोकांना भाड्याबरोबर हे असलं गणित सोडवावं लागत नसेल.

"त्या कपवालीकडे परत जा," मी म्हटलं. "आपण कोन, ते सरळ सांगा न पुन्हा पाणी मांगा. फोन चालू ठेवजा."

"अन् तिनं तोंड वाकडं केलं त?"

"त मी राहीन इथंच. पण कळंल तरी!"



संघर्षच्या खिशातल्या फोनमधून चपलांचा आवाज आला, मग बेलचा. मग सासूबाईंचं तोडकं हिंदी, "बाई, हम बौद्ध लोग है. तुम्हारे बाजू में रहने को आनेवाले. पानी देते क्या?"

 

"माँजी, पहले वाला तो आपने पिया ही नहीं!" बाई चिडलेली होती. "लीजिए. कप में ही मिलेगा, हम भी इसी में पीते हैं. नल आठवें दिन आता है, गली के उस सिरे जैसी बोरिंग इधर है नहीं, बरतन किस पानी से धोऊँ? तभी तो इधर किराया कम है. एजंट ने बताया नहीं?"

हसावं की रडावं, मला कळेना. तेवढ्यात सासूबाईंनी घेतलेला घोट ऐकू आला, चांगला मोठा.

"आठ दिसानं?" त्या थेट आपल्या बोलीवर आल्या. "आमच्या गल्लीत त बारा-बारा दिस येत नाही, बाई! संघर्ष, घर घे. न समताले सांग, येतानी दोन्ही ड्रम घेऊन ये म्हना."