डाव्या हाताची चिमूट

मित्रांनो, मी एक जुना रांगोळीचा डबा आहे. डबा म्हटलं की लगेच पितळेचा, नक्षीचा असेल असं समजू नका. मी देवदारी खोक्याच्या फळ्यांचा, दोन खणांचा. मुलुंडच्या एका बैठ्या चाळीत अनंतराव नावाच्या कारकुनाने एका रविवारी मला घरीच ठोकून तयार केलं. माझं सरकतं झाकण पहिल्या दिवसापासून अडकायचं. "तुमचं सुतार व्हायचं राहिलंच हो!" असं म्हणून त्यांची बायको कुंदाबाई पोटभर हसली, पण दुसऱ्या सकाळपासून तिने मलाच वापरायला घेतलं. एका खणात रांगोळीची पांढरी पूड, दुसऱ्यात हळदकुंकू. माझा संसार एवढाच.

रोज सकाळी अनंतराव बाटल्या घेऊन आरेच्या दूधकेंद्रावर गेले की कुंदाबाई उंबऱ्याबाहेरची फरशी पुसायची आणि मला उघडायची. माझं झाकण करकरलं की त्यांची मुलगी मृणालिनी अंथरुणातून उठून धावत यायची. चार वर्षांची एवढीशी पोर, पण हट्ट म्हणाल तर विचारू नका.

"मी काढणार! तू नाही, मी!"

तिला मदत चालायची नाही, बोट धरलेलं चालायचं नाही. चिमूट भरायची ती डाव्या हाताने. त्या इवल्या चिमटीतून पूड अशी सलग सुटायची की मी बघतच राहायचो.

कुंदाबाईचा जीव मात्र टांगणीला लागायचा. रांगोळी डाव्या हाताने काढायची नसते, असं तिला तिच्या आईने शिकवलेलं. शिवाय डावखुऱ्या सुनेला सासरी नावं ठेवतात, ही धास्ती होतीच. ती पूड उजव्या हातात द्यायची, पोर ती परत डाव्या हातात घ्यायची. दोघी सारख्याच हट्टी, पण हट्टी म्हणून नाव झालं ते फक्त पोरीचं.

त्या वर्षी चैत्रात घरी गौरीचं हळदीकुंकू होतं. डाळ वाटायची राहिली होती, पन्ह्याच्या कैऱ्या शिजत होत्या आणि गौरीपुढचं चैत्रांगण अजून अर्धंच झालं होतं. चैत्रांगण म्हणजे दोन रेघांची रांगोळी नव्हे. त्यात गौर हवी, पाळणा हवा, तुळस, चंद्रसूर्य, हत्ती, कासव सगळं हवं. कुंदाबाई कैऱ्या बघायला आत गेली तेवढ्यात मृणालिनीने हत्ती काढला. सोंड वर, शेपूट ताठ, आणि अंगाने सूर्यापेक्षाही मोठा. मला तर तो फार आवडला. नेमक्या तेव्हाच शेजारच्या नीलाताई दारातून डोकावल्या.

"अगंबाई! गौरीपुढे डाव्या हाताने? कुंदा, वेळीच सवय मोड गं. मुलीची जात आहे."

कुंदाबाईचा चेहरा उतरला. तिने ओलं फडकं घेतलं आणि हत्ती पुसून टाकला.

"माझा हत्ती!" पोर किंचाळली. "मी परत काढणार!"

"काढ. पण उजव्या हाताने."

"नाही!"

मग कुंदाबाईने जुन्या लुगड्याची चिंधी आणली आणि पोरीचा डावा हात पाठीमागे कमरेशी बांधून टाकला. हाताशी वेळ असता तर ती असं वागली नसती, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण वेळ नव्हता आणि नीलाताई बघत होत्या. मृणालिनीने मला लाथ मारली, पूड घरभर झाली आणि तिच्या पाठीत धपाटा बसला.

त्यानंतर चिंधी रोजचीच झाली. "अगं, लहान आहे ती. काढू दे की कशीही," अनंतराव एकदा म्हणाले.

"तुमचं काय जातंय? उद्या लोक मलाच बोल लावतील."

यावर ते बाटल्या उचलून दूधकेंद्रावर निघून गेले. मला त्यांचाही राग येतो. पोर आधी रडली, मग नुसती बसून राहू लागली आणि शेवटी उजव्या हाताने काढायला लागली. कुंदाबाईने सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या झाकणाचा आवाज ऐकून धावत येणं मात्र थांबलं. हाक मारली की मृणालिनी यायची आणि सांगितलं तेवढं काढायची.

वर्षं गेली. "किती गुणी मुलगी हो तुमची!" असं बायका म्हणत आणि कुंदाबाई हसे. पण मुलीने कशासाठी तरी हटून बसावं म्हणून ती मनातून झुरू लागली होती.

"परकराला कुठलं कापड आवडतं गं तुला?"

"तू आणशील ते."

नेहमी हेच उत्तर.

मृणालिनीला अकरावं लागलं त्या चैत्रात दोघी चैत्रांगणापाशी बसल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"आई, पाळणा कुठे काढू?"

कुंदाबाईने मुलीचा डावा हात हातात घेतला आणि त्यात पूड ठेवली. "आज या हाताने काढ. हवा तिथे काढ, हवा तसा काढ. मी काही बोलणार नाही."

मृणालिनी संकोचली, पण आईने सांगितलं म्हणून तिने प्रयत्न केला. रेघ सुटलीच नाही, नुसता पुडीचा ढीग पडला. दुसऱ्यांदाही तेच. तिने फडकं घेतलं आणि आपणच ते पुसून काढलं.

"या हाताने येत नाही गं मला. राहू दे ना. तू सांग, कुठे काढू?"

कुंदाबाई पदरात तोंड लपवून रडू लागली. मृणालिनी गोंधळून बघत राहिली. तिला काहीच आठवत नव्हतं.

आता रांगोळी कुंदाबाई एकटीच काढते, मुलीला बसवत नाही. मित्रांनो, तुम्ही अजून लहान आहात. पण उद्या मोठे व्हाल आणि तुमच्याही दारात कुणीतरी एवढंसं पोर "मी काढणार" म्हणून हट्ट धरील. घरात घाई असेल, दारात लोक उभे असतील. तेव्हा जरा बाजूला सरकून बसा आणि त्याला काढू द्या. एका लाकडी डब्याचं एवढंच मागणं आहे.