सात हजारांचा वेग

बुधवारा पेठेतल्या दुकानाला अजून पाटीसुद्धा लागली नव्हती, तोवर ऋषिकेशनं पहिलं गिऱ्हाईक गाठलं होतं: गजाननभाऊ, लग्नांचं शूटिंग करणारे. त्यांच्या बारा डेस्कटॉपांना व्हिडिओ साठवायच्या नव्या, वेगवान एसएसडी ड्राइव्ह बसवायच्या होत्या. भाऊंची अट एकच. "तुझी बहीण तपासून सांगेल, तेच मी मानीन."

बहीण भूमिका इंदूरहून कॉम्प्युटरचं काम शिकून आलेली. आज ती दादाच्या टेबलाशी बसली होती, पण जीव थाऱ्यावर नव्हता. दादानं गोदामातली नोकरी सोडून हे दुकान टाकलं होतं. ड्राइव्ह वाईट निघाली, तर त्याच्या पहिल्या कामावर पाणी फिरवायचं ते तिनंच.

खोक्यावर छापलं होतं, जागा हजार जीबी, वेग सेकंदाला सात हजार एमबी. तिनं छोटी टेस्ट लावली. आकडा पतंगासारखा चढला. सहा हजार नऊशे.

"देखा!" ऋषिकेशनं टाळी दिली. "लावू भाऊंना फोन?"

तुकईथडहून सकाळच्या बसनं आलेले त्यांचे वडील, लीलाधरअण्णा, स्टुलावर चहा पीत होते. अख्खा जन्म केळीत गेलेला.

"पोरी, आम्ही घड वरच्या फणीवरून नाही पाहत. वरची फणी भरलेलीच राहते. वाकून खालची पहा लागते."

"अण्णा, ही काय केळी आहे का?"

"नसू दे. भरते ना ती? मंग भरून पहा सारी."

भूमिकाचे कान तापले. काठोकाठ भरून पाहायची टेस्ट तिला ठाऊक होती. भावावरच्या मायेनंच तिनं ती टाळली होती.

लांब टेस्ट सुरू झाली. गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट एका लयीत चालली होती, आणि पडद्यावरची रेघही तशीच सरळ धावत होती. अर्धं मिनिट गेलं आणि रेघ कोसळली. चारशे. तापमान नव्वद अंशांपार.

"बस, गया," ऋषिकेश खुर्चीत बसला.

"थांब रे." तिनं सगळं बंद केलं, ड्राइव्ह निवू दिली, मग कॉम्प्युटरचा डबा उघडला. ड्राइव्हवर धातूची पट्टी होती, तिच्या खाली मऊ गादी, आणि गादीच्या कडेनं निळं काहीतरी डोकावत होतं.

"दादा, हे प्लास्टिक?"

"मुद्दाम ठेवलंय. नवी वस्तू आहे व, पूजेआधी कोण काढतं?"

तिला हसू आवरेना. घरच्या फ्रिजवरचं प्लास्टिक चौथ्या वर्षीही तसंच होतं. "अरे, हिची गरमी त्या पट्टीत जायला पाहिजे. तू तर हिला रजई पांघरली!"

अण्णांनी देवाच्या फोटोपुढचं कुंकू बोटावर घेतलं आणि खोक्याला लावलं. "झाली पूजा. काढ."

पुन्हा टेस्ट. या वेळी तापमान सत्तरीच्या आतच राहिली. तिसरा हिस्सा भरेपर्यंत ड्राइव्ह वाऱ्यासारखी पळाली, मग सोळाशेवर उतरली आणि भरेपर्यंत तिथंच राहिली. भूमिकानं दोन्ही आकडे कागदावर लिहिले.

"वरचाच लिही ना यार," ऋषिकेश हळूच म्हणाला. "सोळाशे पाहून भाऊ पळतील."

"भाऊ एका लग्नाचं पाचशे जीबी उतरवतात, दादा. पहिल्याच वरातीत त्यांना कळेल."

तो कितीतरी वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग त्यानं स्वतःच फोन लावला.

"भाऊ, सुरुवातीला सात हजाराजवळ जाते. भरत आली की सोळाशे. खोक्यावर हे नाही लिहिलेलं. मी सांगून राहिलो."

पलीकडून प्रश्न आला. "मधेच थांबते का?"

"नाही भाऊ. काठोकाठ भरून पाहिली."

"माझी आत्ताची डिस्क तर बैलगाडी आहे, बाबा." गजाननभाऊ हसले. "पण बारा नको. सहा बसव आधी. लग्नसराई निघून जाऊ दे, मग बाकीच्यांचं पाहू."

ऋषिकेशनं फोन ठेवला. अर्धंच काम हाती आलं होतं. भूमिकाला वाटलं, आता रागावेल.

त्यानं कपाटातून सहा खोकी काढली आणि एकेक करून तिच्यापुढे मांडली.

"उद्या लवकर येशील ना? या सहाही भरून पहायच्या आहेत."