गुरुवारचा टेक

अनुयाने गुरुवार निवडला तो विचार करून. गुरुवारी गिटारवाल्या दिग्विजयला सुट्टी, गुरुवारी ड्रमवाल्या भैरूला सुट्टी, आणि गुरुवारी चिंचवड एमआयडीसीच्या त्या गल्लीतली झाडून सगळी प्रेस मशिनं गप्प. एरवी क्लबच्या हॉलला लागून असलेल्या शेडमध्ये दर चार सेकंदांनी धप्प व्हायचं आणि खिडकीच्या काचा शहारायच्या. तसल्या आवाजात पियानो रेकॉर्ड करणं म्हणजे वरातीत पोथी वाचायला बसणं.

पियानो जुना, उभा, कॉफीच्या रंगाचा. हॉल ज्या कंपनीचा, ती जोरात होती तेव्हा एका परदेशी इंजिनिअरची बायको जाताना तो कामगारांच्या क्लबला देऊन गेली. सोबत खोकंभर तबकड्याही दिल्या. सगळ्या जॅझच्या, तीन-चार माणसांच्या. म्होरक्या कधी पियानोवाला, कधी गिटारवाला. क्लबातल्या लोकांनी पियानोवर कॅरमच्या सोंगट्यांचे डबे ठेवले. फक्त टूलरूममधल्या मधुसूदननी, म्हणजे अनुयाच्या वडिलांनी, तारा पिळायची किल्ली स्वतः लेथवर बनवली आणि नऊ वर्षांच्या पोरीला स्टुलावर बसवलं. ती त्या तबकड्या ऐकून शिकली. पुढे बी.कॉम. झालं, नोकरी झाली, लग्न झालं, ओजस झाला. कंपनी मात्र बंद पडली, आणि आता हॉलही पाडणार होते.

पियानो रावेतच्या एका फोटोग्राफरने घेतला होता. प्री-वेडिंग शूटसाठी. त्याला पांढरा रंग द्यायचा आणि आतलं लोखंड काढून टाकायचं, म्हणजे नदीकाठी न्यायला हलका. टेम्पो आज दुपारी दोनला येणार होता. त्याच्या आत अनुयाला तिच्या तीन धुना या पियानोवर, या दोन माणसांबरोबर वाजवून रेकॉर्ड करून ठेवायच्या होत्या. दोननंतर हा आवाज जगात कुठेच असणार नव्हता.

साडेनऊलाच सगळे जमले. सासूबाई, कुसुमताई, ओजसला घेऊन व्हरांड्यात सतरंजीवर बसल्या. ओजस आठ महिन्यांचा. हिवाळ्यात छाती भरून चार दिवस दवाखान्यात होता, आणि डॉक्टरांनी अनुयाला श्वास मोजायला शिकवलं होतं. तेव्हापासून ती मोजतच होती. घड्याळाशिवाय तिला मिनिट कळायचं.

"अंग कोमट लागतंय गं लेकराचं," कुसुमताई म्हणाल्या. त्या मूळच्या लातूरकडच्या. "हे पेटीचं काय ते उद्या करता येत न्हाई का?"

"उद्या पेटी नाही, आई."

अनुयाने ओजसच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला, मग स्वतःच्या कपाळाला. श्वास मोजले. छत्तीस. ठीक होतं. तरी ती दोनदा मागे वळून बघत आत गेली.

रेकॉर्डिंगवाला गणराज आळंदीहून आला होता. त्याचा हात भजनांच्या रेकॉर्डिंगवर बसलेला. त्याने संगणक मांडला, वायरी पसरल्या आणि दिग्विजयकडे वळला.

"दादा, ग्रुप तुमच्याच नावाने टाकू ना? लीडर तुम्हीच ना?"

दिग्विजय चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला होता. कॉलेजपासून अनुयाबरोबर गिटार वाजवायचा. त्याने गिटारवरून मान वर न करता अंगठ्याने पियानोकडे दाखवलं.

"ताई?" गणराज हसला. "बरं. मग ताई, असं करू. आधी तुमचा पियानो एकट्याचा घेतो, कानात क्लिक देतो. मग दादांची गिटार, मग यांचा ड्रम. नंतर मी सगळं जुळवतो. चुकलं तर तेवढंच परत."

"नाही," अनुया म्हणाली. "तिघं एकाच वेळी वाजवणार, याच खोलीत. क्लिक नको."

"क्लिक नाही तर लय कोण धरणार?"

"मी."

"आणि हलली तर?"

"हलली तर तिघांची मिळून हलेल."

भैरू तळवड्याला प्रेसवर होता आणि गणपतीत पथकात ताशा वाजवायचा. तो ड्रमचे स्क्रू आवळत म्हणाला, "राव, आठवडाभर मशिनच्या क्लिकवरच नाचतो आपण. सुट्टीच्या दिवशी तरी सोडा."

गणराजने खांदे उडवले. त्याला हे पटलं नव्हतं, पण पैसे ताईंचे होते. त्याने माइक लावले, हेडफोन चढवला, बोट वर केलं. आणि पंखा थांबला. संगणकाचा पडदा काळा झाला, दिग्विजयच्या अ‍ॅम्पचा लाल दिवा मालवला.

बाहेर वॉचमन कोंडाजी विडी विझवत होता. दारातून डोकावला.

"काका, फ्यूज गेला का?" अनुयाने विचारलं.

"फ्यूज कशानं जाईल. बेस्तरवार हाय न्हवं आज. लाइनीचं काम असतंया. येईल चार वाजता."

अनुया स्टुलावर तशीच बसून राहिली. लहानपणापासून तिला ठाऊक होतं की गुरुवारी लाइट जाते, म्हणून कारखाने गुरुवारी सुट्टी घेतात, म्हणून बाबा गुरुवारी घरी असतात. तिला शांतता हवी होती आणि तिने शांततेचा वार धरला. ती शांतता येते कुठून एवढं मात्र विसरली. वीज कंपनीचा मेसेजही आला असणार. ओजस झोपावा म्हणून तिने फोनचा आवाज बंद ठेवला होता.

"एमआयडीसीची पोरगी तू," दिग्विजय म्हणाला, "आणि गुरुवार विसरलीस."

"तू पण आठवण नाही करून दिलीस. मेंटेनन्सला आहेस ना?"

"मी सुट्टीवर आहे."

गणराज वायरी गुंडाळायला लागला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडे चांगला कीबोर्ड आहे, त्यात पियानोचे आठ आवाज आहेत. पुढच्या आठवड्यात आळंदीला या, करून टाकू. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही."

"मला कळतो."

तिचं लक्ष त्याच्या बॅगेकडे गेलं. बाजूच्या कप्प्यातून मुठीएवढं यंत्र डोकावत होतं.

"ते काय आहे?"

"ते होय? कीर्तनाला नेतो, महाराजांपुढे ठेवायला. बॅटरीवर चालतं. पण त्याला एकच माइक आहे, ताई. एकदा आवाज गेला की गेला. गिटार कमी पडली तर नंतर वाढवता येणार नाही मला."

"नंतर काही करायचंच नाहीये. पियानोला लाइट लागत नाही, भैरूला लागत नाही. दिग्विजय, तुझी गिटार पोकळ आहे ना?"

"आहे. पण अ‍ॅम्प नसला तर भैरूपुढे मच्छरासारखी वाजेल."

"मग भैरूला लांब बसवू."

गणराजच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की बाई हट्टाला पेटल्यात. पेटली होतीच ती. त्या जुन्या तबकड्या अशाच झाल्या होत्या, हे तिने कव्हरांमागच्या मजकुरात वाचलेलं: एक खोली, माणसं, आणि कोणाची खुर्ची कुठे. आवाज कमी करायचा तर माणूस मागे सरकवायचा. तिने यंत्र कॅरमच्या स्टँडवर ठेवलं. दिग्विजयला त्याच्यापासून हातभर अंतरावर बसवलं. आवाज मोकळा यावा म्हणून पियानोचं खालचं फळकूट काढलं. भैरूला पार खिडकीपाशी धाडलं.

पहिल्या टेकमध्ये गिटार ऐकूच आली नाही. भैरूने कितीही हळू वाजवलं तरी ड्रम तो ड्रमच. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातून कॅरम बोर्डाचा पुठ्ठ्याचा रिकामा खोका ओढला, मांड्यांवर घेतला आणि त्यावर तारेचे ब्रश फिरवले. सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज आला.

"हे चालेल?"

"पळेल," अनुया म्हणाली.

दुसरा टेक लागला तो लागलाच. धुनेचं नाव 'पुनावळे अंडरपास'. अनुया तिथेच राहायची. तो रस्ता संध्याकाळी कसा तुंबतो हे तिला अंगाने माहीत होतं. डावा हात दोनच सुरांच्या गठ्ठ्यांवर अडकून बसायचा, बंपरला बंपर लावून, आणि गिटार फटी शोधत पुढे सरकायची. दिग्विजय आज सरकत होता तसा कधीच सरकला नव्हता. तिने मानेने खूण केली आणि गिटारकडून धून स्वतःकडे घेतली. अंडरपास संपून हायवे मोकळा होतो ती जागा आली.

आणि तिला जाणवलं की व्हरांड्यातून काहीच आवाज येत नाही.

रडणं नाही, हुंकार नाही. किती वेळ नाही? तिची बोटं थांबली. स्टूल मागे पडलं तेव्हा ती दारात होती.

ओजस कुसुमताईंच्या मांडीवर गाढ झोपला होता. तोंड उघडं. ती वाकली, मोजलं. चौतीस.

"निजलंय ते," कुसुमताई हळूच म्हणाल्या. "मी हाय ना इथं. माझ्यावर भरवसा न्हाई का तुझा?"

"तुमच्यावर आहे, आई. माझ्यावरच नाही."

ती आत आली. भैरू खोक्याच्या कडेची पट्टी सोलत होता. बारा वाजून गेले होते. गणराज अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ताई, माझ्या बायकोचंही असंच होतं. लेकरू लहान असताना नाही होत ही कामं. एका वर्षाने करा की. कीबोर्डवर."

तो वाईट हेतूने बोलला नव्हता. गेल्या आठ महिन्यांत सगळे असेच बोलले होते, चांगल्या हेतूने. नवरा, डॉक्टर, ऑफिसातली माणसं, शेजारीण. एका वर्षाने कर. तेवढ्यात एखादा पियानो पांढरा होऊन जातो, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

"आई," अनुया म्हणाली, "त्याला घेऊन आत या."

"आत? तुमच्या त्या यंत्रापाशी?"

"माझ्यासमोर. इथे." तिने भिंतीजवळची खुर्ची उचलून पियानोच्या डाव्या कडेला ठेवली, जिथे मान जराशी वळवली की दिसेल. दिग्विजय डावीकडेच होता. गिटारला खूण करताना नजर तिथूनच जाणार होती.

"ताई, बाळ रडलं तर टेक जाईल," गणराज म्हणाला.

"रडला तर रडला. मी थांबणार नाही."

"म्हणजे रडणं रेकॉर्ड होईल."

"खोलीत आहे तो. जे खोलीत आहे ते होईल. तिन्ही धुना सलग वाजवू, मध्ये थांबायचं नाही. भैरू?"

"आपण तयार."

कुसुमताई आल्या. खुर्चीवर बसल्या, बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि पदरात घट्ट गुंडाळल्या, किणकिण नको म्हणून. ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

अनुयाने ओजसच्या छातीकडे पाहिलं. वर, खाली. मग दिग्विजयकडे, मग लांब खिडकीपाशी भैरूकडे. तोंडातल्या तोंडात चार मोजले आणि हात टाकला.

ओजस पहिल्या धुनेत जागा झाला. तिने पाहिलं. डोळे मोठे करून तो खोक्यावरच्या ब्रशकडे बघत राहिला. दुसऱ्या धुनेत त्याने ओठ काढले. अनुयाचा उजवा हात तसाच पुढे गेला, आणि कुसुमताईंनी त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं. तिसऱ्यात अंडरपास आला. लय हलली. गिटार मोकळ्या जागेसाठी घाई करायला लागली, भैरू तिच्यामागे गेला, आणि अनुयाने दोघांना ओढून मागे आणायच्या ऐवजी स्वतःच वेग घेतला. हायवेवर तिघं एकदम बाहेर पडले. शेवटचा सूर तिने पेडलवर धरून ठेवला, विरेपर्यंत. चौथ्या सप्तकातली एक तार किंचित उतरलेली होती. बाबा गेल्यापासून ती तशीच होती. तीही त्यात आली.

गणराजने यंत्राचं बटण दाबलं.

"एक वाजला," दिग्विजय म्हणाला, आणि त्याच क्षणी पंखा फिरायला लागला. अ‍ॅम्पचा दिवा लाल झाला.

गणराज ताडकन उठला. "ताई, नशीब तुमचं. लाइट लवकर आली. अजून तास आहे. मोठे माइक लावतो, एकेकाचं नीट घेऊ. हे काय, खोक्यावर वाजवलेलं."

अनुयाने दोघांकडे पाहिलं. भैरूने खोका उलटा करून त्यावर कोपर टेकलं होतं. दिग्विजय गिटार पिशवीत घालत होता.

"झालंय," ती म्हणाली.

"अहो पण शेवटच्यात लय वाढली."

"माहीत आहे. मीच वाढवली."

"बघा बुवा." त्याने वही काढली. "नाव काय टाकू फाइलला? दिग्विजय..."

"अनुया, पियानो. आधी ते. मग दिग्विजय, गिटार. मग भैरू."

"भैरू, ड्रम."

"भैरू, खोका," भैरू म्हणाला. "खोटं कशाला लिहायचं राव."

"आन् मी?" कुसुमताईंनी बांगड्या खाली सोडत विचारलं. "पाऊण तास हललेली न्हाई मी. मुंग्या आल्या पायाला."

"तुमचंही टाकतो, आजी," गणराज म्हणाला आणि खरंच काहीतरी लिहिलं.

टेम्पो दोनच्या आधीच आला. चार माणसं उतरली. म्होरक्याने पियानोला एका बाजूने जोर लावून पाहिला आणि शिट्टी वाजवली.

"मॅडम, लय जड आहे. आतलं लोखंड काढूनच टाकायचंय नाहीतरी. इथंच खोलू का? पाना आहे माझ्याकडे."

अनुयाने ओजसला कडेवर घेतलं. त्याचा श्वास तिच्या मानेवर येत होता; तिने तो मोजला नाही.

"इथे कोणी पाना लावायचा नाही," ती म्हणाली. "आख्खा उचला."

"चौघांना नाही उचलणार, ताई."

भैरूने खोका खाली ठेवला. दिग्विजयने बाह्या वर केल्या. कोंडाजीनेही विडी कानावर ठेवली.

"आता सात आहेत," अनुया म्हणाली. "मी तीनपर्यंत मोजते. तिनावर उचलायचं."