गार मोटर

कागदावर फिरणारी गुरुजींची बोटं दुसऱ्याच ओळीत अडखळली.

"अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलीयत," ते म्हणाले. "मुलं हे वाचणार कसं?"

अंधशाळेच्या उद्याच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका याच मशीनवर निघायची होती. दोघी बहिणींनी मागच्या खोलीत जुळवलेलं ब्रेल छापायचं मशीन. आजवर मुलांना प्रश्न कुणीतरी वाचून दाखवायचं. उद्या ती पहिल्यांदाच आपल्या बोटांनी वाचणार होती. परवापर्यंत ठिपके रांगेत चोख पडत होते. काल ठिपके ठोकणारं डोकं सरकवणाऱ्या मोटरचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज मापून देणारा बोर्ड, जळाला आणि सगळं बिनसलं.

"मशीन चालू असताना मोटरची पिन उपटून बोर्ड जाळायची हौस कुणाला होती?" थोरली म्हणाली.

"झालं, उगाळ पुन्हा तेच!" धाकटी उसळली. "नवा बोर्ड लावलाय ना? जुन्यावर शून्य पॉइंट चार व्होल्ट होते, यावरही तेवढेच ठेवलेत. मीटर धरून तूच बसली होतीस."

ते खरंच होतं. बोर्डावरचा बारका स्क्रू केसभर फिरवत थोरलीनेच आकडा जुळवला होता.

गुरुजींनी हात पुढे केला. "मला जरा बघू द्या तुमचं यंत्र." बोटं पहिल्या मोटरवर टेकली. "ही कोमट आहे."

"ती कागद ओढते. आता ही बघा, डोक्याची," धाकटी फुशारकीने म्हणाली. "नव्या बोर्डावर कशी गारेगार चालतेय!"

"दोन्ही मोटरी सारख्याच?"

"अगदी जुळ्या."

"मग एक राबतेय आणि दुसरी नुसतीच हजेरी लावतेय की काय?"

थोरली चमकली. गार मोटर! कालपासून दोघी त्याचंच कौतुक करत होत्या. तिने कचऱ्याचा डबा जमिनीवर उपडा केला, जळका बोर्ड शोधला आणि भिंगाखाली धरला. त्यावरच्या तिळाएवढ्या काळ्या रेझिस्टरवर लिहिलं होतं R050. नव्यावर R100.

"अगं, दुप्पट आहे हा!" ती ओरडली. "बोर्ड वीज मोजतो ती या रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतात त्यावरून. रेझिस्टर दुप्पट झाला, की निम्म्या विजेतच त्याला वाटतं, पुरे झालं! एक अँपिअर लागतो तिथे आपण अर्धाच देतोय, म्हणून डोकं पुरतं सरकत नाही."

"म्हणजे बिचारीला उपाशी पळवतोय आपण?"

"आणि वर ती घामाघूम होत नाही म्हणून खूश होतोय! आण मीटर. शून्य पॉइंट आठ करायचेत."

या वेळी स्क्रू धाकटीने फिरवला. पॉइंट सहा, पॉइंट सात... "आठ!" दोघी एकदमच ओरडल्या.

मशीन सुरू झालं. कालची कुरकुर गेली. डोकं सपासप धावू लागलं. थोरलीने मोटरला हात लावला. हळूहळू ऊब येत होती. धाकटीचा हात सवयीने पिनेकडे वळला.

"खबरदार!"

"अगं, नुसती धूळ पुसतेय!"

कागद बाहेर आला. गुरुजींची बोटं पहिल्या ओळीवरून निघाली, दुसरी ओलांडली, तिसरी, चौथी. शेवटच्या ओळीला पोचल्यावर ते पुन्हा मागे, मधल्या एका प्रश्नावर आले आणि थांबले.

"काय झालं?" थोरली पुढे वाकली. "ठिपका चुकला?"

"छे! हा प्रश्न फारच सोपा काढलाय मी," गुरुजी म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. "स्वतः वाचणार आहेत ना कार्टी? मग जरा अवघड घालू या."